पाण्यात बुडवलेली घंटा

आमच्या पुण्याच्या तांबट आळीत कावळासुद्धा दोनदा ओरडायचा. एकदा स्वतःसाठी आणि एकदा आम्हाला ऐकू यावं म्हणून. सकाळी सातला दीडशे हातोड्या सुरू व्हायच्या त्या दिवेलागणीला थांबायच्या. त्या कल्लोळात जन्मलेली पोरं नुसतं तोंड उघडून रडायची, कारण आवाज काढून काही उपयोग नाही हे त्यांना बारशाच्या आधीच कळायचं. माझ्या लग्नात भटजींचं 'सावधान' कुणालाच ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी हिरवा रुमाल हलवला आणि आम्ही माळा घातल्या.

यातलं निम्मं खरं आहे.

पूर्ण खरं एवढंच की पन्नास वर्षं तांब्यावर हातोडी मारली की तांब्याला आकार येतो आणि कान जातात. माझे साठीच्या आतच गेले. अगदी दगड नाही झाले. मोटारीची घरघर, दार आपटल्याचा दणका, असले जाड आवाज येतात. बोलणं मात्र ओल्या गोधडीतून आल्यासारखं येतं. समोर उभं राहून कुणी मराठीत बोललं तर मी ओठांवरून बरोबर वाचतो. पाठ फिरवली की संपलं. यावर मी एक उपाय काढला होता: आपणच बोलत राहायचं. बोलणाऱ्याला कुणी 'ऐकू येतं का' म्हणून विचारत नाही.

सौ. गेली, आळीतलं दुकान पुतण्याने घेतलं, आणि हृषिकेशने कागदांचा डोंगर उपसून मला इकडे जर्मनीत, आखनला आणलं. हृषिकेश माझा मुलगा. इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो. म्हणजे बापाने जे आयुष्यभर ठोकलं ते हा सूक्ष्मदर्शकातून बघतो. माझी सून मुक्ता घरी बसून कुठल्या तरी कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळते. येताना हृषिकेशने पुण्यातच मला कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, इथे त्याला ह्योरगेरेट म्हणतात. ते कानात घातलं की चमच्याचा आवाजसुद्धा डोक्यात खिळा ठोकल्यासारखा वाटायचा. मी ते सुपारीच्या डबीत ठेवून दिलं.

"बाबा, मशीन?" मुक्ता रोज विचारायची. समोर येऊन, ओठ नीट हलवून.

"आहे की."

"कानात आहे का?"

"डबीत आहे. डबी खिशात आहे. खिसा माझ्याजवळ आहे."

"म्हणजे मी वेडी."

"तसं मी म्हटलं नाही. आणि तू म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही."

ती हसायची. हसली की पुढचं बोलणं टळायचं.

ओसारो मला फ्लोमार्क्टात भेटला, म्हणजे जुन्या बाजारात. एका जर्मन बाईच्या टेबलावर घड्याळं, चिनी मातीच्या मांजरी, आणि मधोमध पितळेचं एक जाडजूड कडं. घोड्याच्या नालासारखं, दोन्ही टोकं पसरट. मी ते उचललं, नखाने टिचकी मारली, कानाशी धरलं आणि डोळे मिटले. हा माझा जुना खेळ. गिऱ्हाईक हरखून जायचं. कानाला काही कळत नाही, पण बोटांना कळतं, वजनाला कळतं, घासलेल्या जागेच्या रंगाला कळतं. मी डोळे उघडून जाहीर केलं, "पितळ. ओतीव. शिसं फार. तुमच्या आजीपेक्षा म्हातारं." बाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण टेबलाच्या पलीकडे एक उंच, काळाकुळकुळीत म्हातारा उभा होता. मिशा पांढऱ्या आणि एवढ्या दाट की ओठ आहेत की नाहीत हा प्रश्न पडावा. त्याने माझा हात धरला, उलटा केला, तळव्यावरचे घट्टे बघितले. मग स्वतःचा तळवा पुढे केला. त्याच्यावर भाजल्याचे जुने डाग होते, वितळलेला धातू उडतो तसे.

ओळख करून द्यायला दुसरं काही लागलं नाही.

तो नायजेरियातल्या बेनिन शहरचा. तीस वर्षं इथल्या बसडेपोत रात्रपाळीला बसगाड्या धुतल्या, आता निवृत्त. शहराबाहेर त्याची एक श्रेबरगार्टन होती, म्हणजे सोसायटीकडून भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा, त्यात लाकडी खोपटं आणि एक बाक. आम्ही त्या बाकावर बसायला लागलो. तो बोलायचा, मिशा हलायच्या, आणि मला त्या मिशांमधून एक अक्षर दिसायचं नाही. मी मान हलवायचो. तो थांबला की मी माझी गोष्ट सुरू करायचो. मला राजाभाऊ म्हणतात हे सांगितल्यावर तो मला नुसतं 'राजा' म्हणायला लागला. एवढं मात्र कळायचं, कारण ते म्हणताना तो कमरेत वाकायचा.

त्याची खरी हकीकत मला कळली ती आमच्या घरी. मुक्ताने त्याला जेवायला बोलावलं, तो बाजारात विकत घेतलेलं ते कडं घेऊन आला. माझं इंग्रजी कच्चं आहे असं मी घरात सांगून ठेवलं होतंच, त्यामुळे मुक्ता माझ्यासमोर बसून भाषांतर करत होती.

"बाबा, ते म्हणतायत, हे कडं म्हणजे पैसा होता. मनिला म्हणतात त्याला. पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज लोक गलबतं भरभरून न्यायचे. बेनिनच्या राजाला, म्हणजे ओबाला, पितळ हवं असायचं. त्याच्या ओताऱ्यांची एक वेगळी आळीच होती. यांचं घर त्या आळीतलं."

"आळी?" मला एकदम त्या माणसाबद्दल जिव्हाळा वाटला. "आणि पितळेच्या बदल्यात ओबा काय द्यायचा?"

"मिरी. हस्तिदंत. कापड." मुक्ता थांबली. "आणि माणसं."

पोळीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. "एका माणसाला किती कडी?" मी विचारलं. धंदा करणाऱ्याच्या तोंडून दुसरा कुठला प्रश्न येणार!

ओसारोने खांदे उडवले. मग बराच वेळ मिशा हलल्या.

"कधी बारा, कधी पन्नास," मुक्ता म्हणाली. "पण त्यांच्या घरात कडी मोजायची नाहीत अशी रीत आहे. वितळवायची, मोजायची नाहीत."

हृषिकेश म्हणाला, "बाबा, गंमत म्हणजे हे पितळ बहुतेक आपल्या इथलंच. त्यातलं शिसं लोकांनी तपासलंय, ऱ्हाईनच्या या बाजूचं निघालं. पितळेत घालायचं जस्ताचं खनिज आखनच्या शेजारच्या खोऱ्यातच मिळायचं. बसने वीस मिनिटं."

ओसारोला हे ठाऊक होतं. तो हसला. मुक्ताने सांगितलं, "म्हणतायत, कडं इथून निघून आमच्या घरी गेलं आणि मी आमच्या घरून निघून इथे आलो."

मग त्याने ते सांगितलं ज्यासाठी तो कडी जमवत होता.

त्याच्या वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्यांच्यात बाप गेला की थोरल्या मुलाने घरातल्या पितरांच्या ओट्यावर त्याची जागा करायची, आणि पितळेची घंटा वाजवून त्याला हाक मारायची. घंटा वाजल्याशिवाय पितर यायचा नाही. ओसारो थोरला. पण तेव्हा त्याच्याकडे इथले कागद नव्हते. एकदा बाहेर पडला असता तर परत येता आलं नसतं, आणि त्याच्या पैशावर तिकडची सात माणसं जेवत होती. तो गेला नाही. कागद मिळाले तेव्हा जायची लाज वाटायला लागली. धाकट्या भावाने ओट्यावरची जागा तशीच मोकळी ठेवली होती. आता घरच्यांनी मिळून ठरवलं होतं: थोरला नाही आला तरी चालेल, त्याच्या हातची घंटा येऊ दे. तिच्यावर वडिलांचा चेहरा असू दे. ती वाजली की म्हाताऱ्याला जागा मिळाली असं आम्ही मानू.

मला गप्प बसणं जमत नाही.

"घंटा ना?" मी म्हणालो. "मी साताऱ्याकडच्या एका देवळाची ओतली होती. ती वाजली की कोल्हापुरात लोक पानावर बसायचे."

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही कधी..."

"तू भाषांतर कर."

तिने केलं. ओसारोने उठून मला मिठी मारली.

आता हे समजून घ्या की तांबट वेगळा आणि ओतारी वेगळा. तांबट पत्रा ठोकतो, ओतारी रस ओततो. मी आयुष्यात चिमणीएवढी घंटासुद्धा ओतलेली नाही. म्हातारपणी तर मोठी हातोडीही सुटली होती. दुकानाच्या पायरीवर बसून लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायचो, छिन्नीने एकेक ठिपका टोचत. पण एवढा मोठा माणूस मिठी मारतो तेव्हा त्याला काय सांगायचं?

त्या उन्हाळ्यात ओसारोने मेणाची घंटा केली. चार बाजूंची, वर निमुळती, ओंजळीत मावेल एवढी. पुढच्या बाजूला वडिलांचा चेहरा. फोटो नव्हता, बोटांच्या आठवणीने केला. मी बाकावर बसून बघायचो. ओळख झाल्यापासून तो रोज एक गोष्ट करायचा, काम करतानासुद्धा: डावा हात उघडायचा, एकेक बोट मिटत काहीतरी म्हणायचा, बोटं संपली की उजव्या हाताची दोन. सात. मग माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो. कधी तो माझी बोटं धरून मिटायचा आणि वाट बघायचा, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी त्याला आमच्या मारुतीची गोष्ट सांगायचो, जो आळीतल्या आवाजाला कंटाळून पर्वतीवर राहायला गेला.

मेणावर त्याने माती लिंपली, थरावर थर, सावलीत वाळवली. शेकोटीत धरून मेण ओघळवून टाकलं. आत फक्त पोकळी राहिली, घंटेच्या आकाराची. मेणाची घंटा एकदाच असते. ती वितळली की जगात तिची जागा फक्त त्या मातीत.

आणि ओसारोचे पाय सुजले. दोन पावलं टाकली की धाप लागायची. त्याला इस्पितळात ठेवलं. हृदय थकलंय, म्हणे. पुढच्या शुक्रवारी त्याच्या ओळखीचा एक माणूस कोल्नहून बेनिनला जाणार होता, घंटा त्याच्याबरोबर द्यायची होती. तिकडे दिवस ठरला होता. ओसारोने खाटेवरून माझ्याकडे बोट केलं आणि मुक्ताला काही सांगितलं.

"म्हणतायत, राजा ओतेल. त्याने देवळाची ओतलीय."

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणू शकलो असतो. दारापर्यंत गेलो तोवर म्हणू शकलो असतो.

मंगळवारी दुपारी मी बागेत गेलो. तिथे शेकोटीला बंदी, पण कणसं भाजायला परवानगी. म्हणून ओसारोने केलेल्या मातीच्या बादलीभट्टीवर मी दोन कणसं ठेवली, खाली कोळसा, आणि भात्याच्या जागी मुक्ताचा केस वाळवायचा ड्रायर. कणसांचा कोळसा झाला. कडी एकेक करून मुशीत सोडली, न मोजता. शेवटचं एक मुशीत मावलं नाही, ते खिशात टाकलं. पितळ वितळलं, त्याचा पांढरा धूर निघाला. हात थरथरत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो, माझ्या शपथेची जी काय किंमत असेल ती. साचा मातीत गाडला होता. मी रस ओतला. तोंडापर्यंत आला, कडेला चमकला, थबकला. मला रडू आलं. मी खरंच ओतलं होतं!

मग मी साचा उकरून चिमट्याने वर काढला, आणि पाण्याच्या पिंपात बुडवला.

तुम्ही तांबट नसाल तर सांगतो. तांबं ठोकून ठोकून ताठर झालं की लाल होईस्तोवर तापवतात आणि लगेच पाण्यात घालतात. ते मऊ होतं, पुन्हा ठोकायला राजी होतं. दिवसातून शंभर वेळा, पन्नास वर्षं, माझ्या हाताने लाल धातू बघितला की पाण्यात घातला. हाताने मला विचारलंच नाही. ओतारी असं कधी करणार नाही. ओतलेलं पितळ आपल्या मनाने निवू द्यायचं असतं, रात्रभर, मातीत, कुणी हात न लावता.

वाफेचा ढग उठला. त्या ढगातून मला शेजारच्या बागेतली बाई दिसली. ती टोमॅटो खुडत होती, तिने दचकून मान वर केली. वाफेला घाबरली असेल म्हणून मी हात हलवला.

माती फोडली. आत म्हातारा होता. नाक, गालाची हाडं, खाली ओढलेला ओठ, सगळं उतरलं होतं. मी दोन तास घासून त्याला उजळवलं, आत लोलक टांगला आणि हलवला. हाताला थोडं वाटलं, थोडं नाही. मला वाटलं, माझीच बोटं आता म्हातारी झाली.

घरी मुक्ता लॅपटॉपसमोर होती. मी तिच्यासमोर घंटा धरली आणि वाजवली. ऐटीत. मला आवाज कधीच कानाने कळत नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतो. मुक्ताचा चेहरा मी बघत होतो.

"परत वाजवा," ती म्हणाली.

मी वाजवली.

"बाबा." तिने माझ्या हातातून घंटा घेतली, खिडकीशी नेली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, ओठ नीट हलवत. "ही वाजत नाहीये. फुटक्या कपासारखी... इथे बघा." म्हाताऱ्याच्या कानामागून खालच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ होती. "फुटताना आवाज नाही आला का?"

तेव्हा मला टोमॅटोवाली बाई आठवली. ती वाफेला दचकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. निघताना मी देवघरातली मुक्ताची छोटी घंटा उचलून कोटाच्या बाहीत सरकवली. मुक्ताने बघितलं.

"बाबा, हे बरोबर नाही."

"डॉक्टर काय म्हणाले त्याच्याबद्दल?"

ती खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागली.

"मग चल."

खोलीत शिरलो आणि दारातच थांबलो. खाटेवर दुसराच कुणी माणूस. नाकाला नळी लावायची म्हणून त्यांनी ओसारोच्या मिशा काढल्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्याचे ओठ दिसले. घंटेवरच्या म्हाताऱ्यासारखेच होते, खालचा ओढलेला.

मी पितळी घंटा त्याच्या हातात दिली. त्याने अंगठा वडिलांच्या नाकावरून फिरवला, गालावरून फिरवला. डोळे मिटून म्हणाला, "वाजव." इंग्रजीतच, पण मला ते त्याच्या ओठांवरून दिसलं. 'राजा' सोडला तर त्याचा पहिला शब्द जो मला मुक्ताशिवाय कळला.

मी एका हाताने पितळी घंटा हलवली, लोलक बोटाने धरून, आणि दुसऱ्या बाहीतून देवघरातली वाजवली.

ओसारोच्या तोंडावर हसू आलं. पोट हललं, नळी हलली. मग त्याने डोळे उघडले.

"ही मुक्ताची," तो म्हणाला. "तुमच्या घरी जेवायच्या आधी तिने वाजवली होती." मुक्ता दाराशी तोंड फिरवून उभी होती. "राजा, आता माझी वाजव."

मी लोलकावरचं बोट काढलं. हलवली.

त्याने एकदाच ऐकली. हसू हळूहळू गेलं. "पाणी?"

मी मान हलवली. हो. पाणी.

"का?"

मी हात पुढे केला, तळवा वर. त्याला ते पटलं असावं, कारण त्याने माझ्या घट्ट्यांवर बोट ठेवलं. मग त्याच्या कपाळावर आठी आली. "ती फुटली तेव्हा तुला ऐकू नाही आलं?"

साताऱ्याचं देऊळ, कोल्हापूरची पानं, हिरवा रुमाल, सगळं माझ्या तोंडाशी आलं. जर्मन पितळ फुटताना आवाज करत नाही, असं सांगणार होतो. सांगितलं असतं तर छान सांगितलं असतं.

मी कानाला हात लावला आणि मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

मी हाताने मागे दाखवलं. लांब. तुझ्याआधी, या देशाआधी.

त्याने डावा हात उघडला. एकेक बोट मिटत गेला, पाच, मग उजव्या हाताची दोन. आणि माझ्याकडे बघितलं. "मग ही?" तो म्हणाला. "ही नावं?"

मी माझा डावा हात उघडला. एकही बोट मिटता आलं नाही.

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. त्यानंतर तो बराच वेळ मुक्ताशी बोलला, तिकडे तोंड करूनच, मला दिसू नये असं. मी त्याच्या पाठीकडे बघत बसलो.

बसमध्ये मुक्ता माझ्यासमोरच्या सीटवर येऊन बसली. "म्हणाले, घंटा पाठवा. फुटकी आहे हे सांगून पाठवा. पुन्हा करायला आता हात नाहीत." मग थोड्या वेळाने, "बाबा, ती सात नावं त्यांच्या घराण्याची होती. ओट्यावर कुठल्या क्रमाने हाक मारायची ती. इथे कुणाला तरी माहीत असावीत, आपल्यामागे इथून कुणीतरी म्हणावीत, म्हणून तुम्हाला शिकवत होते. दोन वर्षं."

घरी येताच मी सुपारीची डबी काढली. मशीन मेलं होतं. इथल्या दुकानात नेऊन नीट करून, कानाला जुळवून घ्यायला टेर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, लागतो, आणि टेर्मिन दोन आठवड्यांनी होता. मुक्ता फोनवर भांडली. एरवी फोनवर नुसतं 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर' करणारी ही मुलगी, त्या दिवशी तिच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. शुक्रवार सकाळचा मिळाला. गुरुवारी हृषिकेश कोल्नला जाऊन त्या माणसाकडे घंटा देऊन आला, मुक्ताने लिहिलेल्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीत माझं नाव घाल असं मी तिला सांगितलं होतं. कुणी फोडली ते कळू दे.

शुक्रवारी मशीन कानात घालून मी दुकानातून तडक इस्पितळात गेलो. एकटाच. बसचे दरवाजे फुसफुसतात. जर्मन म्हातारे खिशात किल्ल्या खुळखुळवतात. माझे बूट कुरकुरतात, किती वर्षं कोण जाणे. मनात घोकत होतो: ओसारो, एकदा म्हण. एकदाच म्हण, पाठ वळवून म्हणालास तरी चालेल.

खाट रिकामी होती. गादीवर चादर नव्हती. नर्स आली, माझ्या दंडाला धरून हळू आवाजात बोलली. तिचा प्रत्येक शब्द मला ऐकू आला. एकही कळला नाही.

रविवारी दुपारी बेनिनहून मुक्ताच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला, ओसारोचा धाकटा भाऊ. मागे मातीचा ओटा, त्यावर कोरलेल्या काठ्या, मातीची मस्तकं, आणि मधल्या मोकळ्या जागेत आमची घंटा. बरीच माणसं दाटीने उभी होती. भावाने घंटा उचलली आणि हलवली.

थप. थप.

ती मी पहिल्यांदा ऐकली. मुक्ता फुटका कप म्हणाली होती, ते तिने माझी बाजू सांभाळून म्हटलं होतं.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एका म्हातारीने पदरासारखं वस्त्र तोंडाला लावलं. भावाने घंटा खाली ठेवली आणि काय करावं ते न कळून उभा राहिला. मग त्याने डावा हात उघडला. त्या बोटांची मला ओळख होती. एकेक बोट मिटत त्याने मोठ्याने हाका मारल्या, आणि दर हाकेला मागची सगळी माणसं ओरडली. सातवं नाव बापाचं. मग त्याने आठवं बोट मिटलं. ते नाव मला येत होतं.

"म्हातारा आला का? विचार ना त्याला," मी म्हणालो.

मुक्ताने विचारलं. भाऊ ओट्याकडे वळला. "आम्ही बोलावलं," तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर मी खिशातलं उरलेलं कडं काढलं. पेटीतून छिन्नी आणि छोटी हातोडी काढली. मुक्ता समोर बसली, तिने तो कॉल रेकॉर्ड केला होता. तो लावायची, नाव म्हणायची, मी म्हणून दाखवायचो. चुकलं की मान हलवायची. तिचं समाधान झालं की मी ते कड्याच्या पाठीवर घालायचो, ठिपक्या-ठिपक्याने, भांड्यावर घालतात तसं. ती नावं मी इथे लिहीत नाही. कागदावर मी फार काय काय लिहिलंय.

हातोडीचा आवाज बारीक असतो हे मी विसरलो होतो. टिक, टिक, टिक.

पाचव्या नावाशी भिंतीतून धप्प धप्प आलं. मी दचकलो.

"काय झालं?"

"शेजारच्या बाई," मुक्ता म्हणाली. "रविवारची रुहेत्साइट आहे ना, आवाज करायचा नाही. त्या नेहमीच ठोकतात, बाबा. तुम्ही आल्यापासून, तुमच्या मोठ्या बोलण्याला."

मी छिन्नी उचलली आणि पुढचा ठिपका घातला. अजून तीन नावं राहिली होती, शेवटचं ओसारोचं. बाई ठोकत होत्या. मला ऐकू येत होतं.